दिवाळीच्या आधी सरस लावू नको

छोटे,

काल तुझा फोन आला तेव्हा माझ्या हाताला पीठ होतं, म्हणून धड बोलता आलं नाही. पण तुझं एक वाक्य रात्रभर कानात राहिलं. "ताई, लाकूड कापून झालं वं, येत्या रविवारी चिकटवूनच टाकतो." श्रावण लागलाय. अकोल्यात चार दिवसांपासून झड लागलीय, हे तूच सांगितलंस. कपडे वाळेनात म्हणून कुरकुरलीसही. आणि त्याच हवेत तू गिटारीची पेटी जोडायला निघालीस! म्हणून आज सगळं बाजूला ठेवून लिहायला बसले. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, मध्येच "हो ताई, माहीत हाय" करतेस. कागदाला तसं म्हणता येणार नाही.

तर आधी हेच सांगते. रविवारी काही चिकटवू नको. दिवाळीपर्यंत सरसाचा डबा उघडूसुद्धा नको.

"काऊन?" म्हणशील. त्याचं उत्तर माझ्या कपाटावर, आईच्या जुन्या साडीत गुंडाळून ठेवलंय. माहेरी सगळ्यांना वाटतं मी तीन गिटारी केल्या. केल्या चार. पहिली तुमच्यापैकी कुणाला दाखवलीच नाही, तुलाही नाही.

ती मी आषाढात सुरू केली होती. शाळेला पावसाची सुटी मिळाली की मागच्या पडवीत जाऊन बसायचे. ऑगस्टमध्ये तबलीला, म्हणजे गिटारीच्या समोरच्या पातळ फळीला, आतून आडव्या-तिरप्या पट्ट्या चिकटवल्या. गणपती बसले त्या आठवड्यात पेटी बंद केली आणि दिवाळीला तारा चढवल्या. आवाज काय सुरेख आला होता म्हणून सांगू! तुझ्या भाऊजींनी तर पाडव्याला शेजाऱ्यांना बोलावून ऐकवली. मला वाटलं, जिंकलं.

मार्चमध्ये पहिली खूण दिसली आणि मी ती ओळखली नाही. दांडीवरून हात फिरवताना पडद्यांची टोकं बोटांना टोचायला लागली. मला वाटलं, कानस नीट मारली गेली नाही. एप्रिलमध्ये आवाज बारीक झाला, पोकळ झाला. मग मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलेलो असताना आतल्या खोलीतून आवाज आला, टक्. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. जाऊन पाहिलं तर घोडीपासून, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीपासून, खालच्या कडेपर्यंत तबलीला सरळ तडा गेलेला. नख आत जाईल एवढा.

मी रडले, छोटे. मग आरामशीनवाल्याला शिव्या घातल्या, लाकडाला घातल्या, त्या उन्हाळ्याला घातल्या. सासूबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "दार पावसाळ्यात लागत नाही अन् उन्हाळ्यात सैल होते, तसंच असन हे." मला तेव्हा त्यांचा राग आला. दोन वर्षांनी कळलं, त्यांनी एका वाक्यात सगळं सांगून टाकलं होतं.

लाकूड मेल्यावरही श्वास घेतं. हवेतलं पाणी पितं आणि फुगतं, कोरड्या हवेत ते सोडतं आणि आकसतं. पण सगळीकडून सारखं नाही. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळजवळ हलत नाही. जे काही हलतं ते रुंदीत. आता बघ, तबली साधारण 40 सेंटिमीटर रुंद. आपल्या श्रावणातून मे महिन्यात जाताना तेवढी फळी तीन-चार मिलिमीटर आकसू शकते. आणि आतून तिला ज्या पट्ट्या चिकटवल्या, त्यांच्या रेषा तबलीच्या रेषांना आडव्या. त्या लांबीत आकसत नाहीत. फळीला आत यायचंय, पट्ट्या तिला येऊ देत नाहीत. मग बिचारी फाटते. पडद्यांची टोकं टोचत होती तीही याचमुळे. दांडीवरची लाकडी पट्टी आकसली होती, धातूचे पडदे होते तेवढेच राहिले.

आपल्याकडे हे कळायला शास्त्र लागत नाही. मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंतांचं खंजिरी भजन ऐकत आपण मोठ्या झालो. पावसाळ्यात भजनाला बसण्याआधी आजोबा खंजिरी शेकायचे, आठवतं? ओल्या हवेत कातडं सैल पडतं, ठप्प बोलतं. होळीला डफ शेकतात तोही त्याचसाठी. त्यांना माहीत होतं की वाद्य हवेला बांधलेलं असतं. मीच पुस्तकात वाचून आणि व्हिडिओत बघून बसले होते. ते व्हिडिओ करणाऱ्यांच्या खोलीत बारा महिने यंत्राने एकसारखी हवा ठेवलेली असते. तिकडे साधारण 45 टक्के आर्द्रतेवर पेटी जोडतात. माझ्या पडवीत त्या ऑगस्टमध्ये 80 च्या वर असणार. मोजायला यंत्रच नव्हतं.

म्हणून पहिली खरेदी कोणती, तर हायग्रोमीटर. हातातल्या घड्याळाएवढा मिळतो. तो तुझ्या खोलीत टांग आणि महिनाभर नुसता बघ. एक गंमत सांगते. मे महिन्यात माझ्या खोलीत कूलर चालू असताना काटा 60 च्या आसपास असायचा. कूलर बंद करून दार उघडलं की तासाभरात 20 वर. म्हणजे एकाच दिवसात त्या गिटारीला मी पावसाळाही दाखवत होते आणि वैशाखही. तिने टिकावं तरी कसं?

आता माझं पंचांग लिहून घे. ते मी पुस्तकातून घेतलेलं नाही, तडे मोजून मांडलंय.

पावसाळा हा कागदाचा आणि हत्यारांचा. पूर्ण मापाचं चित्र काढ, साचा बनव, पटाशी आणि रंध्याची पाती धार लावून ठेव. बाजूच्या पट्ट्या वाकवायला हरकत नाही, पण त्या साच्यात अडकवून ठेव, जोडू नको. दिवाळीनंतर आपल्याकडची हवा शहाणी होते, ना ओली ना करपलेली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चिकटवण्याचे दिवस. पट्ट्या तेव्हाच, पेटी तेव्हाच. होळीच्या आत पेटी बंद झाली पाहिजे. मार्चमध्ये लाखेचं पॉलिश कर, कारण ओल्या हवेत चपडा लाख पांढुरकी पडते. एप्रिल-मे लाकूड वाळवायचे, पुढच्या गिटारीसाठी. आणि थोडं इकडे-तिकडे झालंच तर कोरड्या बाजूला झुक, ओल्या बाजूला कधीच नाही. कोरड्यात जोडलेली पेटी पावसाळ्यात जरा फुगेल, तारा थोड्या उंच होतील, पण पुन्हा जागेवर येईल. ओल्यात जोडलेली फाटते. फाटलेलं पुन्हा जागेवर येत नाही.

लाकडाबद्दल तू विचारलंस. मामांच्या दर्यापूरच्या वाड्याचं जुनं सागवानी दार तू आणलंस, हे मात्र फार छान केलंस. इतक्या वर्षांच्या लाकडाला आता हवेचं कौतुक राहिलेलं नसतं. हलतं तेही, पण नव्या लाकडासारखं वेडंवाकडं होत नाही. फक्त उरलेला भाग आरामशीनवर नेण्याआधी इंचा-इंचाने लोहचुंबक फिरव. जुन्या दारात खिळे मोडून बसलेले असतात. आरामशीनवाल्याचं पातं गेलं तर तो पुन्हा तुला दारात उभं करणार नाही, आणि त्याची चूक नसेल. नवीन साग लागलाच तर परतवाड्याच्या डेपोतून निघालेला, बिल असलेला घे. मेळघाटातून कुणी "ताई, स्वस्तात आणून देतो" म्हणालं तर हात जोडायचे. जंगलातून साग न्यायला वाहतुकीचा परवाना लागतो. गिटारीपायी वनखात्याच्या नाक्यावर उभं राहायची हौस करू नको.

पण एक ऐक. सागाचं सगळंच करू नको. साग वजनदार. पाठीला, बाजूंना चांगला, तबलीला नाही. तबली हलकी आणि ताठ हवी, तारेची थरथर तिने लगेच उचलली पाहिजे. परदेशात तिला स्प्रूस वापरतात. आपल्याकडे तून आहे, ज्याच्या सतारी आणि तंबोरे होतात. मी दुसऱ्या गिटारीपासून तूनच घेतलं. फळी निवडताना तिचं टोक बघ. वर्षांच्या रेषा कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या दिसल्या पाहिजेत, आडव्या लाटांसारख्या नाहीत. उभ्या रेषांची फळी रुंदीत निम्म्यानेच हलते म्हण ना. पाठीसाठी कधी शिसव मिळाला तर सोडू नको. अमेरिकेतली मार्टिन कंपनी ब्राझीलचं लाकूड मिळेनासं झाल्यावर 1969 च्या सुमाराला आपल्या भारतीय शिसवाकडे वळली, आणि तेव्हापासून जगभरच्या कितीतरी चांगल्या गिटारींची पाठ आपल्या जंगलातल्या झाडाची असते. आपल्याला मात्र शिसव म्हटलं की पलंग आठवतो.

पैसे कुठे घालायचे, हा तुझा खरा प्रश्न, बोललीस नाही तरी. त्याचं उत्तर एका स्पॅनिश सुताराने दिलंय. आंतोनियो दे तोरेस त्याचं नाव, जन्म 1817 चा. आजच्या गिटारीचा आकार आणि आतली रचना बऱ्याच अंशी त्याने ठरवली. त्याने 1862 मध्ये एक गिटार केली, तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या! तबली तेवढी लाकडाची. त्याला दाखवायचं होतं की आवाज तबलीत असतो. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. म्हणून तू तबलीवर खर्च कर, तबलीवर वेळ घाल. शिंपल्याची नक्षी, किमती खुंट्या, हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या गिटारीला.

आणि पैशाचं अजून एक, कानात सांगते. स्वस्तात गिटार मिळावी म्हणून हे करत असशील तर आजच सोड. माझ्या पहिलीला हत्यारांसकट जेवढे गेले तेवढ्यात दुकानातली बरी गिटार आली असती, वर कव्हर फुकट मिळालं असतं. मी हे घरी दोन वर्षं कबूल केलं नाही. तू आधीच सांगून टाक, म्हणजे नंतर खोटं बोलावं लागत नाही.

तो तडा गेल्यावर मी दोन वर्षं हत्यारांना हात लावला नाही. मग एका सुटीत बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली आणि मिरजेला गेले. घरी सांगितलं, मैत्रिणीकडे चालले. मिरजेत तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले लोक 19व्या शतकात वाद्यांकडे वळले, फरीदसाहेब सतारमेकर त्यांतले मूळ पुरुष मानले जातात. आजही दर्ग्याजवळच्या गल्लीत दुकानं आहेत, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी काही विचारायला गेले नव्हते, नुसती बघत बसले. माळ्यावर भोपळे टांगलेले, कोपऱ्यात तुनाचे ओंडके उभे केलेले. ते भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात आणि पुरते वाळल्याशिवाय त्यांना कुणी हात लावत नाही. एक म्हातारे कारागीर जवारी लावत होते. घोडीवर तारेखाली दोरा सरकवायचे, कान लावायचे, पुन्हा घासायचे. तासाभरात त्यांनी बहुतेक केसाएवढंच लाकूड काढलं असेल. मी माझी तडकलेली गिटार मोबाइलवर दाखवली. त्यांनी फोटो बघितला आणि फक्त विचारलं, कोणत्या महिन्यात जोडली? मी ऑगस्ट म्हटलं. ते हसले आणि पुन्हा घोडी घासायला लागले.

परतीच्या प्रवासात मला पहिल्यांदा हलकं वाटलं. माझा हात वाईट नव्हता, माझा महिना वाईट होता.

तू हिशेबात पक्की आहेस म्हणून पडद्यांचं गणित तुला आवडेल. वरच्या हाडाच्या पट्टीपासून, जिला नट म्हणतात, खालच्या घोडीपर्यंतची तारेची लांबी समजा 650 मिलिमीटर. तिला 17.817 ने भाग. आलं 36.48. तिथे पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भाग, आलं 34.43, तिथून पुढे दुसरा. असं करत गेलीस की बारावा पडदा बरोबर मध्यावर, 325 वर पडतो. पूर्वी इटलीत गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो यांनी सोयीसाठी 18 चा आकडा सुचवला होता. 18 ने भागत गेलं तर बारावा पडदा जवळजवळ अडीच मिलिमीटर आधीच येतो. अडीच मिलिमीटर म्हणजे कानाला खटकेल एवढं बेसूर. म्हणून प्रत्येक पडदा आधीच्या पडद्यापासून मोजू नको, चुका साठत जातात. सगळी मापं आधी कागदावर काढ आणि प्रत्येक खूण नटपासून मोज. आणि घोडीवरचं हाड हिशेबापेक्षा दोन-अडीच मिलिमीटर मागे ठेव, कारण बोटाने दाबली की तार ताणली जाते आणि सूर चढतो. पडद्यांच्या चिरा पाडायला मी घाई केली नाही, एका रविवारी पाचच. डोळे थकले की करवत तिरपी जाते.

बाजू वाकवायची भीती वाटते म्हणालीस. मलाही वाटायची. सागाची पट्टी दोन-सव्वादोन मिलिमीटरपर्यंत रंध्याने उतरव. लोखंडी पाइपाचा तुकडा शिकंज्यात आडवा धर आणि आतून गॅसच्या बर्नरने तापव. किती तापवायचा? भाकरीच्या तव्यावर पाणी शिंपडून बघतो ना, तसंच. थेंब नाचत पळाला की तयार. पट्टी ओली कर, पाइपावर ठेव आणि दाबू नको, टेकव. थोड्या वेळाने लाकूड हातात ढिलं पडतं, तुला जाणवतं. मग वळव. ढिलं व्हायच्या आधी जोर लावलास तर मोडणार. माझ्या पहिल्या दोन पट्ट्या मोडल्या, म्हणून नेहमी एक जास्तीची कापून ठेव.

सागाची अजून एक खोड. त्यात तेल असतं, म्हणून सांधा धरत नाही. रंधा मारल्यावर लगेच जोड. थिनरचा बोळा फिरव आणि त्याच तासात चिकटव, दुसऱ्या दिवशी नाही. सरस रात्रभर पाण्यात भिजव आणि दुधाच्या भांड्यासारखा पाण्यावर ठेवून गरम कर, 60 अंशांच्या आसपास. उकळू दिलास तर त्याचा जीव जातो. सरसाचा वास येतो, घरचे ओरडतील, पडवीत कर. नुसता पांढरा गोंद सोपा आहे, पण आपल्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात तो मऊ पडतो. माझ्या दुसऱ्या गिटारीची घोडी तशीच उखडली. टिनाच्या खोलीत दोन दिवस राहिली होती. सहा स्टीलच्या तारा सुरात असल्या की सगळ्या मिळून 70 किलोच्या आसपास ओढतात. सिमेंटचं पोतं 50 किलोचं असतं, म्हणजे जवळजवळ दीड पोतं त्या तीन मिलिमीटरच्या फळीला रात्रंदिवस लटकलेलं. एवढा भार सोसायचा तर तबलीने पातळ असूनही ताठ राहायला हवं. म्हणून आतल्या पट्ट्या घासताना कान वापर.

कान कसा? अगं, अकोल्याच्या बाजारात उन्हाळ्यात माठ घेताना तू काय करतेस? बोटाने वाजवून बघतेस. चिरलेला माठ भद्द बोलतो, चांगला टण्ण. तबली तशीच धर, वरच्या कोपऱ्याला दोन बोटांच्या चिमटीत, आणि मधोमध टिचकी मार. सुरुवातीला ठक्क बोलेल, लाकडाच्या पाट्यासारखी. पट्ट्या घासत घासत एका क्षणी ती घुमायला लागते. तिथे थांब. "अजून थोडं" म्हणशील ना, तिथेच लोक चुकतात. मी चुकलेय. तिसऱ्या गिटारीची तबली एवढी पातळ केली की तारा चढवल्यावर घोडीमागे फुगवटा आला. आवाज गोड आहे तिचा, पण मी तिला स्टीलच्या तारा लावत नाही, नायलॉनच्या लावते. त्यांची ओढ जवळजवळ निम्मी. पहिलीच गिटार नायलॉनची केलीस तर माझं मन जास्त शांत राहील, पण तू ऐकणार नाहीस, हे मला माहीत आहे.

आता ते सांगते जे कुठल्या व्हिडिओत नसतं. मशीनवर बसताना ओढणी काढून ठेव. गळ्याभोवती गुंडाळून नाही, काढून. केस बांध, बांगड्या काढ. माझ्या ओढणीचं टोक एकदा ड्रिलमध्ये गेलं, फाटलं म्हणून वाचले. सागाचा आणि शिसवाचा भुसा घशाला आणि कातडीला त्रास देतो, म्हणून मास्क लाव. काम झालं की अंगणात कपडे झटक. तो भुसा पोरांच्या गादीवर नको.

लोकांचंही सांगते. "पोरीबाळींचं काम हाय का हे?" हे तुला वाढई म्हणेल, शेजारीण म्हणेल, आणि कधी तुझ्याच घरातलं माणूस म्हणेल. उत्तर देऊ नको. माझी पहिली गिटार सगळ्या शेजाऱ्यांना ऐकवून झाली होती, म्हणून तडा गेल्यावर ती लपवावी लागली. तडा गेल्याचं दुःख एवढं नव्हतं, लपवण्याचं होतं. तुझी पहिली निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढेपर्यंत कुणाला दाखवू नको. तेवढं झालं की तिची परीक्षा झाली. मग खुशाल वाजव. आणि कुणी "मले पण बनवून दे" म्हणालं तर हसून विषय बदल. पैसे घेतले की हौस गेली, आणि तडा गेला तर नातंही गेलं.

गिटार तयार झाली की उन्हाळ्यात तिला केसमध्येच ठेवायचं. साबणदाणीला भोकं पाडून त्यात ओला स्पंज घालायचा आणि केसच्या कोपऱ्यात ठेवायची. कूलरच्या समोर भिंतीला टांगायची नाही, कितीही शोभली तरी.

कपाटावरची ती पहिली गिटार मी मागच्या हिवाळ्यात खाली काढली. तड्याच्या फटीत तुनाची बारीक कपची बसवली आणि आतून लहान चौकोनी ठिगळं लावली. रंगाने झाकलं नाही. फट भरल्याची रेष स्पष्ट दिसते. आवाज पहिल्यासारखा नाही, थोडा जाड झालाय, पण यंदाचा उन्हाळा टिकली. यंदा राखीला येशील तेव्हा तिला तुझ्या हाती देणार आहे. भोकातून आत आरसा घालून बघ, मी काय-काय चुकले ते सगळं तिथे चिकटलेलं आहे. पुस्तकापेक्षा ते जास्त शिकवेल.

आणि तोवर एकच काम. कापलेल्या फळ्या हवेशीर जागी उभ्या ठेव, भिंतीला टेकवून नाही, मध्ये काड्या घालून. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांचं वजन कर आणि पेन्सिलने फळीवरच तारखेसकट लिही. आता आकडा दर आठवड्याला हलेल, कधी वर, कधी खाली. दिवाळीनंतर तो हळूहळू उतरायला लागेल. मग एका रविवारी मागच्या रविवारचाच आकडा येईल, पुढच्या रविवारीही तोच.

तेव्हा फोन कर. सरस भिजवायला मी येते.

तुझी,
ताई